जावयाला मुंबईत कुठं जेवू घालावं?

"वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडून घ्या, पण आधी तोंड का पडलंय ते सांगा."

"काही नाही हो काकू. शनिवारी जावई येतोय. चार दिवस मुक्काम."

"मग? सोन्यासारखा मुलगा आहे की."

"मुलगा सोन्यासारखाच आहे, पण जीभ नागपूरची. मागच्या खेपेला माझं सुरमईचं कालवण ओरपून झाल्यावर लेकीला म्हणतो, 'छान होतं, आजारी माणसालाही चालेल.' वर विचारतो, मुंबईचं स्वतःचं असं जेवण तरी काय आहे? वडापाव सोडला तर सगळं उसनं! यांनी ते ऐकलं आणि फर्मान काढलं, या वेळी त्याला रोज बाहेर न्यायचं. न्यायचं कुठं, ते अर्थात मी ठरवायचं. मागे त्या मॉलमधल्या हॉटेलात गेलो होतो ना, ताट परातीएवढं आणि मधोमध पदार्थ एवढासा. मला वाटलं, आपल्याआधी कुणीतरी जेवून गेलंय."

"हात्तिच्या, एवढंच ना! उभी नोकरी फोर्टात झाली माझी, आणि लग्नाआधी बायकांच्या वसतिगृहात राहिलेय. कुठं काय मिळतं ते मला विचारा. जावयाला म्हणावं, उसनं आहे हे कबूल, पण ते कुणाकडून आलं आणि का आलं, तेही ऐक. एक युक्ती सांगते. कुठल्या मुलखातली माणसं मुंबईत कुठं घरदार सोडून एकटी राहिली ते बघायचं. त्या ठिकाणी हॉटेल हमखास चांगलं निघतं."

"म्हणजे हो काय?"

"गिरणगावच घ्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. बायका गावी, चूल कोण पेटवणार? मग चाळीतल्याच एखादीनं खानावळ घालायची. दोन वेळचं जेवण, हिशेब महिन्याचा, पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा आणायला ती सावकाराच्या दारात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी मिटत गेली, पण ती चव काही मिटली नाही. आज वांद्र्याच्या हायवे गोमंतकात नाहीतर दादरच्या सिंधुदुर्गात बसलात की ताटात तेच कालवण, तीच सोलकढी. आणि जावयानं सोडून दिलेला तो वडापाव! १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केला म्हणतात. गिरणीत पाळीला पळणाऱ्याला ताट मांडून बसायला सवड कुठली? एका हातात मावेल ते खरं."

"मालवणी त्यानं खाल्लंय हो. त्याला काहीतरी निराळं हवं."

"मग माटुंग्याला न्या. तिकडं दक्षिणेतली मुलं आली, कुणी टायपिस्ट, कुणी स्टेनो, कुणी हिशेबनीस. इंग्रजी फर्डं, पण पोळी घशाखाली उतरेना! त्यांच्यासाठी ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं, मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाला लागून. अजून केळीच्या पानावर वाढतात. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक. 'पुरे' म्हणेपर्यंत वाढपी हलत नाही. किंग्ज सर्कलकडं गेलात तर १९४० चं कॅफे मद्रास आहे. तिथं सकाळी फुटपाथवर नाव सांगून ताटकळावं लागतं, पण नाचणीचा डोसा आला की माणूस रांग विसरतो. रामाश्रयात अननसाचा शिरा मागवा आणि वर फिल्टर कॉफी."

"अहो, शिऱ्याला नागपूरकर काय म्हणेल?"

"म्हणू दे. तिखटानं पोट जळलं की शिराच आठवतो. आता काळबादेवी. कापडबाजार, पेढ्या, त्यावरचे गुजराती-मारवाडी मुनीम. कुटुंब देशाकडं आणि पथ्य कडक, वाटेल तिथं जेवणार नाहीत. म्हणून तिथं भोजनालयं झाली. ठाकर भोजनालय १९४५ चं आहे. गल्ली बघून वाटतं आपण चुकलो, पण जिना चढून गेलं की वाट्यांची रांगच मांडतात तुमच्यापुढं. फरसाण, दोन गोड, कढी, तुपात भिजलेली पोळी. आणि आग्रह असा की आपल्याकडच्या विहिणीनं शिकावा."

"टोमणा कळला बरं का, काकू."

"तुम्हाला नव्हे हो, माझ्या विहिणीला होता! ताडदेवचं स्वाती स्नॅक्सही गुजरातीच, १९६३ चं. तिथली पानकी खाऊन बघा. केळीच्या पानात तांदळाच्या पिठाचा इतका पातळ थर देतात की पान उलगडताना श्वास धरावा लागतो. पण जावयाला नको. तुमच्या-माझ्यासाठी ठेवू."

"इराण्याकडं नेलं तर?"

"न्यायलाच हवं. त्यांचीही तीच कथा. इराणमधल्या यझ्द, केरमानकडची माणसं इथं आली. कोपऱ्यावरचं दुकान अशुभ म्हणून आपल्या व्यापाऱ्यांना नको असायचं, ते यांनी घेतलं असं सांगतात. दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक त्यांना आयतंच मिळालं. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून आहे. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का, मावा केक. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. तिथला बेरी पुलाव! भातावर इराणहून आणवलेल्या आंबट लाल बेरी, खाली मटण, वर तळलेला कांदा. मालक बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे आणि ब्रिटनच्या राणीच्या गोष्टी सांगायचे. २०१९ मध्ये गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. पण तिथं दुपारीच जायचं हं, ते ऑफिसांच्या वेळेचं हॉटेल. आमच्या ऑफिसात कुणाला बढती मिळाली की त्याचा खिसा तिथं रिकामा व्हायचा."

"आणि पलीकडच्या गोवेकर बोटवाल्यांचं काय हो? माझे काका सांगायचे त्यांच्या गोष्टी."

"त्यांच्या कुडी तिथंच, धोबी तलावाला. गोव्यातल्या एकेका गावाची एकेक कूड. बोटीवर चढेपर्यंत खलाशी तिथं ट्रंक टाकून राहायचे, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायचे. बोट लागेपर्यंत काय खायचं? शाकुती, सोरपोतेल, नाहीतर चुरिस पाव. स्नोफ्लेक हे हॉटेल त्यांच्याच वस्तीतलं. फोर्टात मंगळूरकरांनी लंच होम काढली, ती बँकांतल्या नि कचेऱ्यांतल्या आपल्या माणसांसाठी. महेशमध्ये गस्सी आणि नीर डोसा मागवा. आता तिथं मोठमोठी माणसं येतात, पण पाटीवर 'लंच होम' अजून आहेच."

"काकू, तिखटाचं बोला. त्याला तर्री लागते."

"भेंडी बाजारात न्या त्याला. नूर मोहम्मदी, १९२३ चं. नळी निहारी. रात्रभर शिजते आणि सकाळी खातात. बंदरात, बाजारात पहाटेपासून ओझी वाहणाऱ्यांचं ते खाणं. दुपारपर्यंत पुन्हा भूक नाही. एम. एफ. हुसेन तिथले गिऱ्हाईक, एक चित्रही देऊन गेले हॉटेलाला. पुढं मिनारा मशिदीशी सुलेमान उस्मानची फिरनी आणि मालपोवा. आणि ऐका, तिसऱ्या मजल्यावरचे ते, नाव घेत नाही मी, वर्षभर लसणाच्या वासानं दारं लावून घेतात ना? रमजानमध्ये आमच्या भाच्याला तिथं भेटले. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल."

"काय सांगता! गणपतीत माझा मसालेभात परत पाठवला होता त्यांनी, लसूण आहे म्हणून!"

"तेव्हा बघा. बरं, चायनीज खातो का तो?"

"सगळं खातो. पण ते काय मुंबईचं?"

"चिकन मांचुरियन चीनमध्ये कुणी ओळखणार नाही. नेल्सन वांग म्हणून कलकत्त्याहून आलेले चिनी आचारी. त्यांनी १९७५ मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, मिरची आपली, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर त्यांचं. पुढं त्यांनी चायना गार्डन काढलं. आज आपल्या नाक्यावरची गाडीसुद्धा मांचुरियनवरच चालते."

"पण काकू, तुमची युक्ती सिंध्यांना लागू नाही. चेंबूरला माझी मैत्रीण होती, ते सगळे कुटुंबकबिल्यासह आले."

"बरोबर बोललात. ती एकटी नव्हती, पण घरच सुटलं होतं. फाळणीनंतर छावण्यांत राहिली. भांडवल नाही, तेव्हा हाताला येतं ते विकायचं. चेंबूर कॅम्पात सकाळी दाल पकवान खा, कुरकुरीत पकवान आणि वर चण्याची डाळ. झामाचे गुलाबजाम घरी आणा. त्यासाठी जावयाला भांडायला लावू नका, दोन डबे घ्या."

"आणि त्याचं सावजी? त्याचा तोरा तर त्यावरच असतो."

"सावजी नागपूरच्या विणकरांचं, हलबा कोष्ट्यांचं. मागावर राबणाऱ्यांच्या घरातला तो रस्सा, मग त्याच्या खानावळी झाल्या. इथं गिरणी, तिथं माग. सांगा त्याला, तुझ्या नि आमच्या चुलीत अंतर फार नाही. तो गप्प बसेल."

"नाही बसणार. तो पुन्हा विचारेल, मग अस्सल मुंबईचं कुठं?"

"त्यातच तर गंमत आहे, वहिनी. मूळचे मुंबईकर कोण? कोळी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन. त्यांची हॉटेलं शोधून दाखवा! जवळजवळ नाहीतच. त्यांची घरंच इथं होती, बाहेर जेवायची वेळ कुणावर यायची? परभी संभार मसाला घातलेलं प्रभूंचं भुजणं, वांद्र्याच्या ईस्ट इंडियनांच्या बाटलीतल्या मसाल्याचं मटण, वर्सोव्याच्या कोळणीनं केलेलं बोंबलाचं कालवण. ही खायची तर ओळख लागते, लग्नाचं आमंत्रण लागतं. पारशांचंही तसंच, खरं भोणू लग्नातच. हॉटेल परक्यांना लागतं. म्हणून मुंबईत एवढी हॉटेलं आणि म्हणून मुंबईचं जेवण हॉटेलात नाही."

"हे मात्र मी त्याला ऐकवणार!"

"ऐकवा. आणि हेही सांगा की अजून हे संपलेलं नाही. कलिन्याला जा. नागालँड, मणिपूरची मुलंमुली भाड्याच्या खोल्यांत राहतात. विमानतळावर, हॉटेलांत, पार्लरमध्ये नोकऱ्या. तिथल्या दुकानांत बांबूचे कोंब, सुकी मासळी, राजा मिरची मिळते आणि जेवणाच्या जागाही झाल्यात. ती राजा मिरची द्या जावयाला. पुन्हा 'आजारी माणसाला चालेल' म्हणणार नाही!"

"काकू, लिहून द्या हो सगळं. आणि सुरुवात कुठून करू?"

"माटुंग्याहून. पण असं डोळे झाकून कसं नेणार त्याला? आधी आपण चव बघून यायला नको?"

"आपण दोघी?"

"मग काय यांना घेऊन जायचं? आमचे हे बाहेर पाणी पीत नाहीत. उद्या अकराच्या सुमाराला निघू. दादरला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन."

"घरी काय सांगू?"

"सांगा, काकूंना गुडघ्याच्या डॉक्टरकडं नेते."

"आणि ते बोर्डिंग कितव्या मजल्यावर आहे?"

"पहिल्या. पण त्या जिन्यावर गुडघा दुखत नाही."