कॅपिबारा पुसावेत की ठेवावेत

वन्यप्राणी बघायला निघालेल्या माणसाला थोडी अडवणूक लागते. प्राणी झुडपाआड असावा, अर्धाच दिसावा, निदान तो आहे की ओंडका यावरून जीपमध्ये दोन तट पडावेत. ताडोबात तयार झालेल्या आमच्या नजरेला तीन तास धूळ खाल्ल्यावर वाघाचा एक कान दिसला तरी पैसे वसूल वाटतात. कोलंबियाच्या पूर्वेला, कासानारे प्रांतातल्या यानोसमध्ये ही सोयच नाही. अँडीज पर्वत संपला की पार व्हेनेझुएलात ओरिनोको नदीपर्यंत सपाट गवत, मधूनमधून मोरिचे ताडांची बनं आणि वर सगळं आभाळ. लपायची इच्छा असली तरी लपणार कुठे?

आम्ही ज्या हातोवर, म्हणजे गुरांच्या भल्यामोठ्या रँचवर उतरलो होतो, तिथून सकाळी जीप निघाली. टपावर बाकं ठोकलेली. वर आम्ही दोघं, बोगोताचं एक जोडपं, पक्ष्यांच्या यादीवर खुणा करणाऱ्या एक डच बाई आणि एक बेल्जियन तरुण, ज्याचा मोबाइल खाली आलेला मी तरी पाहिला नाही. पुढे गाइड. डोक्यावर हॅट, पायात काही नाही. तो स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि बोगोताचं जोडपं आधी आपसांत वाद घालून मग आम्हाला अर्थ सांगायचं.

पहिला कॅपिबारा दिसला तेव्हा जीप एका बाजूला कलली. उंदराच्या गोत्रातला जगातला सर्वांत मोठा प्राणी. वजन ५०-६० किलो, शेपूट नावालाही नाही, आणि चेहरा सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाचा असतो तसा. आम्ही आहोत हे त्याला कळलं होतं. त्याला त्यात काही करण्यासारखं वाटलं नव्हतं. बेल्जियन तरुणाने त्याला समोरून टिपलं, बाजूने टिपलं, मग त्याला मागे ठेवून स्वतःला टिपलं.

पुढच्या डबक्याशी चाळीसएक होते. त्याच्या पुढच्या डबक्याशी मोजायचं सोडून दिलं. एकाच्या पाठीवर पक्षी बसलेला, दोन-चार पिल्लं आईला लुचत असलेली, आणि काठावर तोंडं उघडी टाकून पडलेल्या केमन मगरी. मगर आणि तिचं संभाव्य जेवण एकाच चिखलात शेजारी पहुडलेलं बघून हिने पहिल्यांदा "अगंबाई!" म्हटलं. तासाभराने तीच म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना, हे झालंय आपलं बघून."

अतिपरिचयात अवज्ञा व्हायला माणसाला किती वेळ लागतो, याचं माप त्या सकाळी मिळालं. बिळाच्या तोंडाशी उन्हात उभी राहून आम्हाला निरखणारी घुबडं, लालभडक कोरोकोरा पक्षी, माणसाच्या कमरेपेक्षा उंच जाबिरू करकोचे, सगळ्यांना दहा मिनिटांत जुनं करून आम्ही एकच धोशा लावला होता: मुंगीखाऊ कुठे आहे? गाइड फक्त क्षितिजाकडे बघायचा.

डच बाईंचं मात्र वेगळं. होआत्सिन दिसल्यावर त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. डोक्यावर विस्कटलेला तुरा, निळा चेहरा, आणि उडायचं म्हटलं की फांदीवरून फांदीवर धडपडत जाणं. हा पक्षी पानं खातो आणि गाईच्या पोटात व्हावं तसं ती आपल्या पिशवीत आंबवतो, त्यामुळे अंगाला शेणाचा वास येतो. पिल्लांच्या पंखांना नख्या असतात. धोका दिसला की ती पाण्यात उडी टाकतात आणि नंतर नख्यांनी चढून घरी परततात. बाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. शेणाच्या वासाने इतकं सुखावलेलं माणूस मी प्रथमच पाहत होतो.

मग गाइड एका आटत्या डबक्यात उतरला आणि अनवाणी पायांनी चिखल चाचपू लागला. अॅनाकोंडा शोधायची ही त्याची रीत. याच गवताळ मुलखात, पलीकडच्या व्हेनेझुएलात, १८००मध्ये निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्टसाहेबांना विजेचे ईल मासे हवे होते, तेव्हा तिथल्या लोकांनी डबक्यात घोडे-खेचरं घातली होती. आमच्या माणसाने स्वतःचे पाय घातले. काही वेळाने तो थांबला, हसला आणि पायाखालचा चिखल हळूच हलला. मांडीएवढी जाड मादी होती. त्यांच्यात नर फारच किरकोळ असतो. ती शांतपणे दुसऱ्या बाजूने निघून गेली. आम्ही त्याआधीच पहिल्या बाजूने निघालो होतो.

जेवताना हिने "मांस नको" हे बोगोताच्या जोडप्याकडून दोनदा वदवून घेतलं, तेव्हा कोंबडी आली. पण व्हेनेझुएलात ईस्टरच्या आधीच्या उपासाला कॅपिबारा खाण्याची जुनी परंपरा आहे, पाण्यात राहतो म्हणून तो माशांत जमा. जिथे तो मासा, तिथे कोंबडी भाजी ठरली तर तक्रार कशाच्या आधारावर करायची? हिने भात आणि तळलेल्या केळ्यांवर भागवलं.

हे एवढे प्राणी एका जागी कसे, असं मी विचारलं. गाइडने डबक्याच्या कडेची वाळलेली रेघ दाखवली. मे ते नोव्हेंबर इथे नुसतं पाणी असतं आणि सगळे पांगलेले असतात. डिसेंबरनंतर ते आटत जातं, तसे सगळे उरलेल्या डबक्यांशी गोळा होतात. म्हणजे ज्या हंगामात आपण तिकिटं काढून येतो, तो इथल्यांचा टंचाईचा काळ. २०१४च्या मार्चमध्ये पास दे आरिपोरो भागात पाणी इतकं आटलं की हजारो जनावरं मेली, त्यांत सर्वाधिक हेच, आम्हाला सकाळी जुने झालेले कॅपिबारा. बोगोताच्या बाईंनी हे सांगताना नवऱ्याशी वाद घातला नाही.

ऊन कलल्यावर गुरांनी वाट अडवली. गाइड हॉर्न न वाजवता गाऊ लागला, लांबलचक सुरात. गुरं हाकताना, गाय पिळताना गायची ही यानोसची गाणी २०१७मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेली. गुरांना यादी ठाऊक नसावी. ती मुकाट बाजूला झाली. आणि त्यांच्यामागे मुंगीखाऊ होता.

आम्ही खाली उतरलो. गाइडने चिमूटभर धूळ सोडून वारा पाहिला. या प्राण्याला दिसतं कमी, वास मात्र जबरदस्त. वाऱ्याच्या उलट बाजूने, एका रांगेत, चिडीचूप. नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटर, पुढच्या नख्या आत वळवून मुठींवर चालणारा. झुपकेदार शेपटी इतकी मोठी की उभा असताना पुढचं कुठलं हे आधी ठरवावं लागतं. त्याने वाळवीचं वारूळ एका नखाने उघडलं, तोंड घातलं आणि मिनिटाच्या आत सोडूनही दिलं. सैनिक वाळव्या चावायला बाहेर येतात, तोवर हा पुढच्या दारात. दात एकही नाही, आणि जीभ हातभर.

तो आमच्यापासून दहा पावलांवर आला, तेव्हा बेल्जियन तरुण गवतात उकिडवा बसला होता. मोबाइल भरला होता. घाम पुसत, ओठ चावत तो एकेक कॅपिबारा पुसत होता. मुंगीखाऊ निवांत निघून गेला, तरी त्याचं पुसणं चाललंच होतं.

"अहो," ही माझ्या कानाशी कुजबुजली, "पुसतोच आहे तर त्यातले दोन-चार आपल्याला पाठवायला सांगा. आपला एकही धड आलेला नाही."