किल्ली कुणाकडे?

जे काम वकिली नव्हे असं मंगळवारी ठरलं, ते माणसाचंही नव्हे असं शुक्रवारी ठरलं.

मंगळवार होता २१ फेब्रुवारी २०१२. ए. के. बालाजी यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी वकिलांनी इथे वकिली थाटायची नाही. मात्र बीपीओवाले टायपिंग, प्रूफ तपासणी, प्रवासाची तिकिटं काढून देणं असली जी कामं करतात ती वकील कायद्यात बसत नाहीत, तेव्हा ती त्यांनी खुशाल करावीत. मग शुक्रवारी, २४ तारखेला, न्यूयॉर्कचे मॅजिस्ट्रेट जज्ज अँड्र्यू पेक यांनी पुब्लिसिस या जाहिरात कंपनीविरुद्धच्या खटल्यात लिहून टाकलं की तीस लाखांच्या घरातले ईमेल आणि कागद माणसांनीच वाचायला हवेत असं नाही. वकिलांनी नमुन्याचे थोडे वाचून खुणा करून द्याव्यात, बाकीचे संगणक चाळेल.

मधल्या बुधवार-गुरुवारी चेन्नईत काय झालं याची नोंद नाही. ओएमआर या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर नाइट शिफ्ट झाली असेल.

कारण ते चाळण्याचं काम तिथल्या बीपीओतली पोरं करत होती. अमेरिकेत दिवाणी दावा लागला की दोन्ही बाजूंना आपापले कागद एकमेकांपुढे ठेवावे लागतात. याला डिस्कव्हरी म्हणतात. त्या ढिगाऱ्यातला कुठला कागद खटल्याशी संबंधित, कुठला असंबंधित आणि कुठला वकील-अशिलातलं गुपित, हे कुणीतरी बसून ठरवायचं. एलएलबी झालेला मुलगा रात्रभर तीन बटणं दाबत ओहायोतल्या कुणा मॅनेजरची जेवणाची आमंत्रणं वाचत असे. २०१८ मध्ये बालाजी यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुस्ती जोडली की बीपीओ या नावावर जाऊ नका, आत चाललेलं काम खरोखर कसलं आहे ते बघा. बघेपर्यंत काम यंत्राकडे निघालेलं होतं.

आता तेच यंत्र कृत्रिम बुद्धिमत्ता हे भारदस्त नाव लावून देशी वकिलांच्या दारात उभं आहे. समजा, त्याचा विक्रेता टाय लावून हायकोर्टासमोरच्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर, एका ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरचा जिना चढला.

"सर, हे एका रात्रीत एक कोटी पानं वाचतं."

"आमच्या अशिलाने नऊ दिली आहेत. त्यातली दोन त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेची."

"मग समोरच्या पार्टीने दिलेली?"

"त्यांनी अर्ज दिलाय."

"कागदांसाठी?"

"तारखेसाठी."

कायद्यात काही कमी आहे असं कुणी समजू नये. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ११ काढून बघा. प्रतिपक्षाला लेखी प्रश्न विचारता येतात, कागद शपथेवर उघड करायला लावता येतात, ते तपासता येतात. हुकूम मोडला तर वादीचा दावा फेटाळता येतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने त्याहून कडक केलं: स्वतःच्या विरुद्ध जाणारे कागदही आपण होऊन द्या, आणि आणखी काही लपवलेलं नाही असं शपथेवर लिहा. ही अपेक्षा ज्याने मसुद्यात घातली त्याच्या निरागसपणाला माझा साष्टांग नमस्कार. आपल्याकडे सख्खा भाऊ सातबारा दाखवत नाही.

अमेरिकेला कागदांचं अजीर्ण झालं म्हणून तिथे पाचक निघालं. ते आम्हाला विकायला आलेत, आणि आमच्या ताटात अजून वाढलेलंच नाही.

जालन्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतं जास्त मिळवून निवडून आले. गोरंट्यालांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण. चित्रीकरण होतं, कुणाकडे आहे तेही ठाऊक होतं. हवं होतं फक्त त्याच्या खरेपणाचं एक प्रमाणपत्र. गोरंट्याल मागत राहिले, अधिकारी देईनात. शेवटी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीवर भागवून औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. प्रमाणपत्र सक्तीचंच, पण ज्याने सगळे दरवाजे ठोठावले त्याला ते मिळालं नाही म्हणून अडवू नये, असंही सांगितलं. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन जालन्याचे आमदार गोरंट्याल झाले होते. यात कृत्रिम बुद्धिमत्तेने काय केलं असतं? घड्याळ तीनच्या पुढे गेलेलं दिसतंय, एवढं क्षणात सांगितलं असतं. ते जालन्यात सगळ्यांनाच दिसत होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता अशा प्रमाणपत्राचे दोन भाग: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि वर फाइलीचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायचा. म्हणजे न देण्याची जबाबदारी आता दोघांत विभागता येईल.

यंत्राला भास होतात, ते नसलेलं रचून सांगतं, अशी एक भीती घातली जाते. खोटी नाही. अस्तित्वातच नसलेल्या निकालांचे हवाले दिलेला आदेश बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये काढला आणि नंतर मागेही घेतला. पण खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने देशभर बनावट स्टँपपेपर विकले तेव्हा त्याला कुठे भास होत होते? न झालेल्या व्यवहाराचा कागद तयार करण्यात आपण यंत्राच्या पुष्कळ पुढे आहोत, आणि आपला कागद चहा शिंपडून जुनाही दिसतो.

तेव्हा भारतीय आवृत्ती काढायची असेल तर दिलेला कागद वाचणारं यंत्र नको, न दिलेल्याचा माग काढणारं काढा. चेन्नईत त्याला पहिलं काम डिसेंबर २०१५ च्या पुराचं द्यावं. त्या पुराने शहराचं अतोनात नुकसान केलं हे खरं. पण तो ओसरल्यावरही कितीतरी हिशेबवह्या त्यात वाहून जात राहिल्या. यंत्राने प्रतिज्ञापत्र वाचावं, पत्ता बघावा, पाण्याच्या पातळीच्या नोंदी काढाव्यात आणि नम्रपणे विचारावं: ऑफिस चौथ्या मजल्यावर, तिथवर पाणी कसं चढलं?

उत्तर शपथेवर येईल: लिफ्ट बंद होती, म्हणून वह्या त्या आठवड्यापुरत्या तळमजल्यावर ठेवल्या होत्या.

अशी उत्तरं ओळखायला यंत्राला शिकवता येईल, असं विक्रेता म्हणतो. त्यासाठी नमुन्याच्या थोड्या खऱ्या वह्या लागतील. त्या प्रतिपक्षाकडे आहेत.