उभ्या बाटलीचे जाहीर आवाहन

समस्त माता-भगिनींनो,

गावातलं परवान्याचं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यासाठी रविवारी मतदान आहे. मतपत्रिकेवर चित्रं दोनच. उभी बाटली म्हणजे मी, दुकान चालू. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. तुमच्या महिला मंडळाने दारोदार हिंडून 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवल्या, पडताळणीसाठी मजुरी बुडवून साहेबांपुढे रांग लावली. कौतुक आहे. मी मात्र प्रचाराला निघालेलेच नाही. गरज काय?

हिशोब बघा. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण यादीच्या. समजा, यादीत 1,000 बायका. मतदानाला आल्या 600. त्यातल्या 480 जणींनी मला आडवं केलं, 120 जणींनी उभं ठेवलं. निकाल? 120 वाली विजयी! ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेली, देवाघरी जाऊनही यादीत राहिलेली, सगळ्या माझ्याच मतदार. हाच नियम विधानसभेला लावला तर 288 पैकी किती जण सभागृहात दिसतील, हे एकदा मोजून बघा. मी बाटली असले तरी शुद्धीवर आहे.

सरकार माझ्या विरोधात आहे, अशी अफवा कोणी उठवेल. विश्वास ठेवू नका. 2 ऑक्टोबरपासून आठवडाभर दारूबंदी सप्ताह असतो, भाषणं होतात, फलक लागतात. उरलेले 51 आठवडे उत्पादन शुल्क खात्याला महसुलाचं उद्दिष्ट असतं. माझ्या दुकानाचा परवाना कोणत्या कायद्याखाली निघतो, ठाऊक आहे? दारूबंदीच्या. 1949 चा आहे. चंद्रपुरातून मला 2015 साली हद्दपार केलं, 2021 मध्ये सन्मानाने परत बोलावलं.

‘दुकान बंद केलं की हातभट्टी फोफावते’, हे माझं आवडतं वाक्य. 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, ती आठवण मी अशा वेळी हमखास काढते. हातभट्टीवर धाड घालणं ज्यांचं काम, ते खातं याच वाक्याला मान डोलावतं, हे विशेष.

खरी भीती मला मतपेटीची नाहीच. भीती वाटते ती पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्यांची. 1986 पासून ती माणसं पिणाऱ्याला शिव्या न घालता उपचार देतात, वर त्याच्या बायकोलाही बोलावून तिचं ऐकून घेतात. गडचिरोलीत तर कहर. 1993 पासून जिल्हाभर बंदी होतीच. 2016 पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानवाल्यांनी गावोगाव संघटना उभ्या केल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय केली. चोरटी विक्री रोखायला गावातलीच माणसं, पिणाऱ्याला सोडवायला दवाखाना जवळ. अशाने आमच्यासारख्यांनी जगायचं कसं? तुमच्या तालुक्यात असं काही निघणार असेल, तर आमदारसाहेबांना आधी महसुलाचे आकडे दाखवा.

तेव्हा भगिनींनो, नम्र विनंती. रविवारी कांद्याची लागवड असेल, ती उरका. माहेरी लग्न असेल, अवश्य जा. मला मत द्यायला येण्याची तसदी घेऊ नका. मतदान केंद्राकडे तेवढं फिरकू नका.