भिंतीपासून तीन फूट

आमच्या आटपाडीत आवाज ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वरात असो, गणपती असो की निवडणुकीचा गुलाल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर डॉल्बी चढतो आणि एकाच्या आनंदाचा वाटा सगळ्या गावाला घरपोच मिळतो. कायद्यानं निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आवाज खरोखरच ४५ डेसिबलवर आला, तर आमच्याकडं लोक दार उघडून विचारतील, ‘कोण गेलं?’ अशा गावात एखाद्यानं दार लावून, हळू आवाजात, एकट्यानं गाणं ऐकण्यासाठी खोली राखून ठेवली, तर त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू होणारच.

माझ्या वाट्याला आलेली खोली दहा बाय बाराची. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत रंग. या खोलीत नेहमीचे खोक्याचे स्पीकर लावले की तबल्याचा डग्गा खोलीभर घुमत राहायचा आणि पुढची सम आली तरी मागची निघायचं नाव घेत नसे. तेव्हा ठरवलं, की खोकंच नको. प्लॅनर स्पीकर घ्यायचे.

साध्या स्पीकरचा शंकू पुढं-मागं हलतो. पुढचा आवाज आपल्याकडं येतो आणि मागचा खोक्यात कोंडला जातो. कोंडलेला आवाज आतून धडका देत राहतो आणि त्या धडका गाण्यात मिसळतात. प्लॅनरमध्ये एक पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो, त्याला बारीक तारा चिकटवलेल्या असतात आणि शेजारी चुंबकांच्या पट्ट्या. तारांतून संगीताचा प्रवाह गेला की सगळा पडदाच हलतो आणि आवाज दोन्ही बाजूंना मोकळा सुटतो. आटपाडीच्या माणसाला हे कळायला स्वतंत्रपूर पुरतं. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि भवानराव पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं आटपाडीजवळ ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तट नाही, गज नाहीत. माणूस मोकळा सोडायचा आणि तो नीट वागेल असा विश्वास ठेवायचा. प्लॅनर स्पीकर म्हणजे आवाजाचं स्वतंत्रपूर. या वसाहतीवरून शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो १९५७ साली. कथा गदिमांची, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्याच्या माणसाची. आणि त्याच १९५७ साली तिकडं इंग्लंडात पीटर वॉकर यांनी क्वाडचा बिनखोक्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. मोकळं सोडण्याचं वर्षच असावं ते.

क्वाडच्या जातीचा स्पीकर मात्र मी यादीतून काढला. इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यावर हजारो व्होल्टचा भार ठेवावा लागतो आणि असा पडदा हवेतली धूळ स्वतःकडं ओढतो. माणदेशात धूळ ओढायला यंत्र लागत नाही, उघडी खिडकी पुरते. म्हणून चुंबकाची जात पसंत केली. अमेरिकेतल्या मिनेसोटात जिम वायनी या अभियंत्यानं १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही कंपनी काढली, ती अजून हेच पडदे करते. तिचं एलआरएस नावाचं लहान मॉडेल २०१९ मध्ये आलं. उंची चार फूट, रुंदी सव्वा फूट आणि जाडी एक इंच.

अमेरिकेची वस्तू आटपाडीत कशी यायची, हा प्रश्न आमच्या भागात कुणी विचारत नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. भारतातल्या कुठल्याही शहरात आपला गलाईवाला पाहुणा असतोच. माझे दाजी कोईमतूरला आहेत. त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून वापरलेली जोडी मिळवली आणि फोनवर सांगितलं, “मालक म्हणतोय, आवाज एक नंबर हाय. पर घर लहान पडतंय.” मालकाचं घर आमच्या खोलीच्या चौपट होतं, हे दाजींनी नंतर सांगितलं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पडदे आले. ते खोलीत उभे केल्यावर शेजारचे तात्या बघायला आले. दोन्ही पडद्यांना वळसा घालून आले आणि म्हणाले, “पार्टिशन घातलंस व्हय? पर दोन्ही अंगानं मानूस जातंय की!” आई म्हणाली, “डासाची जाळी आणलीस ती खिडकीला लाव. मधी कशाला उभी केलीस?” या पडद्यांतून गाणं निघतं हे सांगितल्यावर तात्यांनी मागं जाऊन कान लावला. तिकडूनही गाणंच येत होतं. “दोन्हीकडनं वाजतंय,” ते म्हणाले, “मग मागच्या बाजूला कोन बसायचं?”

मागच्या बाजूला कुणीच बसायचं नव्हतं आणि तिथंच सगळं अडलं. हे पडदे भिंतीपासून निदान तीन फूट पुढं उभे करायचे असतात. मागं सुटलेली लहर भिंतीवर आपटून परत येते. तीन फूट जायचे, तीन यायचे, असा सहा फुटांचा फेरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, म्हणजे ती पुढच्या लहरीपेक्षा पाचेक मिलिसेकंद उशिरा पोचते. एवढा उशीर झाला तर कानाला खोली ऐसपैस वाटते; त्याहून लवकर आली तर ती पुढच्या सुरात पाय घालते. थोडक्यात, बारा फुटांच्या खोलीतले तीन फूट मला उशीर करण्यासाठी हवे होते.

“तीन फूट? आन तिथं ठेवायचं काय?” आईनं विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच न्हाई म्हंजे काय?”

आमच्या घरात ‘काहीच नाही’ ठेवण्यासाठी आजवर कुणी जागा मागितली नव्हती. दुष्काळी मुलखातलं घर हे. जे मिळेल ते साठवायचं आणि जिथं जागा असेल तिथं साठवायचं, हे इथं वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आधी गोधड्यांची चळत आली. पडद्याआड दिसत नाही, एवढाच आईचा युक्तिवाद. मग डाळिंबाचे रिकामे क्रेट. मग ‘उद्या उचलते’ या बोलीवर एक पाळणा, ज्यातलं शेवटचं बाळ सध्या पुण्यात नोकरी करतं.

मी फोनवरच्या मोजणीच्या ॲपनं आधीचे आणि नंतरचे आलेख काढले; भांडणात पुरावा असलेला बरा. पुरावा उलटा निघाला. नुसत्या भिंतीवरून लहर जशीच्या तशी परत यायची. क्रेटांच्या खाचाखोचांतून ती विखरून येऊ लागली आणि गोधड्यांनी तिची धार मोडली. परदेशात यासाठी कमीजास्त खोलीच्या खाचांचे लाकडी फलक विकत मिळतात. आमच्याकडं ते काम डाळिंबानं केलं. हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर उरलेल्या जागेत ज्वारीची पोती आली असती.

या पडद्यांचा एक गुण मात्र घरानं आपणहून ओळखला. पडदा पुढं सरकला की पुढं हवा दाबली जाते आणि मागं ओढली जाते. बरोबर कडेच्या रेषेत हा दाब आणि ही ओढ एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज पुढं आणि मागं भरपूर, कडेला जवळजवळ नाही. अरुंद खोलीत हे पडदे शोभतात ते यामुळंच. बाजूच्या भिंतींवरून फारसं काही परत येत नाही. माझी बायको शाळेत शिकवते. तिनं खोलीत दोनतीन ठिकाणी उभं राहून बघितलं आणि पेपर तपासायचं टेबल बरोबर पडद्याच्या कडेच्या रेषेत आणून ठेवलं. “अहो, इथं तुमचं गाणं ऐकूच येत नाही. फार छान स्पीकर आहेत,” ती म्हणाली. माझ्या कुठल्याही छंदाला घरातून मिळालेली ही पहिली मान्यता.

हीच खाऊन टाकण्याची सवय खर्जात मात्र नडते. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. सव्वा फुटाचा पडदा तिला काय अडवणार? ती कडेवरून वळते, मागच्या लहरीला गाठते आणि दोघी मिळून शून्य होतात. गायकाचा गळा, सारंगी, सतार हे सगळं समोर बसल्याइतकं स्वच्छ; पण गजीनृत्याच्या ढोलाची नुसती टिपरी ऐकू यायची, पोट ऐकू यायचं नाही. पोटासाठी सबवूफर घेणं भाग होतं.

सांगलीच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “बारा इंची घ्या, पोर्टवाला. भिंत हलली पाहिजे.” मी म्हणालो, “भिंत भाऊबंदकीत आधीच हललेली आहे. दहा इंची, बंद खोक्याचा दाखवा.” बंद खोक्याचा खर्ज खाली जाताना सप्तकाला १२ डेसिबलनं सावकाश उतरतो, पोर्टवाल्याचा २४ नं कोसळतो. शिवाय लहान खोलीला निसर्गानं एक भरपाई दिलेली आहे. खोलीत न मावणाऱ्या लांब लहरींचे सूर खोली स्वतःच उचलून धरते. सावकाश उतरणारा सबवूफर आणि उचलून धरणारी खोली यांचं जमतं. दुकानदाराला हे पटलं नाही. “दहा इंचीला पब्लिक नाचत नाही,” तो म्हणाला. पब्लिक मी एकटाच आहे आणि मी बसून ऐकतो, हे सांगितल्यावर त्यानं डिस्काउंट दिला. कीव आली असावी.

पडदे आणि सबवूफर यांची वाटणी साधारण ८० हर्ट्झवर करतात, कारण त्याच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. आता आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजेचा तंबोरा घ्या. ‘काळी एक’मध्ये लावला, तर षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. म्हणजे तीन तारा पडद्यांकडं आणि चौथीचा पाया सबवूफरकडं. ही शिवण दिसू नये यासाठी सबवूफर नेमक्या जागी ठेवावा लागतो आणि ती जागा शोधायची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. सबवूफर श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवायचा आणि श्रोत्यानं भिंतीकडेनं रांगायचं. ध्वनीच्या हिशेबात वाजवणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी उत्तर तेच येतं. आमच्या खोलीचं बाराच्या बाजूनं ४७ आणि दहाच्या बाजूनं ५६ हर्ट्झवर विशेष प्रेम. कोपऱ्यात ते उतू जातं आणि खोलीच्या मध्यावर आटून जातं. जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतात, ती जागा आपली.

मी फरशीला कान लावून रांगत असताना तात्या आले.

“काय हरवलंय?”

“खर्ज शोधतोय.”

“आन खुर्चीवर कुनाला बसवलाय?”

“सबवूफरला.”

तात्या दबक्या पावलांनी बायकोच्या टेबलाशी गेले. “सूनबाई, याला एकदा दाखवून आना.” तिनं पेपरातून मान वर केली नाही. “तात्या, हे बरे असल्याचं लक्षण आहे.”

उत्तम जागा दाराच्या आड निघाली. तिथं सबवूफर ठेवला असता तर दार उघडलं नसतं. त्याच्या खालोखालची जागा आईच्या ट्रंकेशेजारी. तिथून खर्ज सुटला तो सरळ मांडणीतल्या ताटांवर आणि भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीवर. आजोबांनी हयातीत कधी कुणाच्या गाण्याला मान डोलावली नाही. आता तंबोरा लागला की ते काचेसकट थरथरतात. तसबिरीमागं कापसाचे बोळे लावून त्यांना पुन्हा गंभीर केलं.

उतू जाणारा कोपरा राहिला होता. घोंगडं भिंतीला टांगलं की वरचे सूर मऊ होतात, पण ५६ हर्ट्झला घोंगडं म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याला जाडी लागते. लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून इथले मेंढके रडतात. मी दोन पोती गच्च भरून लोकर आणली, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला आणि ती कोपऱ्यात छतापर्यंत रचली. घुमणं कमी झालं. वास मात्र वाढला. ढगाळ हवेत खोलीत असा वास सुटतो, की कार्तिकातल्या उत्तरेश्वराच्या यात्रेत शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात बसून मालकंस ऐकावा. गल्लीतली कुत्री दाराशी येऊन आदबीनं बसतात. एकंदरीत माझ्या मैफलीला पब्लिक लाभलं.

सगळं जमल्यावर आई म्हणाली, “गदिमांचं लाव की.” ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालं, ते ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं. दोन्ही पडदे तेच वाजवतात आणि सबवूफरला बहुतेक रजा मिळते. पण दोन्हींकडून तोच आवाज आला की कान त्याला मधोमध बसवतो. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज दोन पडद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून येऊ लागला. आई उठून तिथं गेली, वाकून बघितलं.

“हितं काय ठेवलंयस?”

“काहीच नाही.”

यावेळी तिनं ‘म्हंजे काय’ विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तहाची बोलणी तिनंच काढली आणि बायकोनं उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर कलमं लिहून घेतली. पडद्यांच्या मधली जागा कायमची रिकामी. मागचे तीन फूट डाळिंबाच्या तोडणीत क्रेटांचे, यात्रेत पाहुण्यांच्या अंथरुणांचे, लगीनसराईत जो आधी येईल त्याचे आणि उरलेल्या काळात मागच्या लहरीचे. सबवूफरवर शिवणाचा डबा ठेवायला हरकत नाही, पण स्टीलचं भांडं ठेवायचं नाही. हे शेवटचं कलम माझं. ते मंजूर झालं. फक्त पितळेच्या भांड्यांबद्दल कागदावर काहीच लिहिलेलं नाही, हे परवा सबवूफरवर तांब्या वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आणून देण्यात आलं.