बुधवारकर

बुधवारकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पासपोर्टवर आहे आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात ते आता कुणालाच आठवत नाही. अमेरिकेत सुपरहीरोंची नवी कॉमिक्स दर बुधवारी दुकानात येतात, आणि या गृहस्थाला बुधवारी संध्याकाळी जेवायला बोलावणं आजवर कुणाला जमलेलं नाही, म्हणून बुधवारकर. 2020 साली बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या डीसी कंपनीला हुक्की आली आणि तिने आपला वार बदलून मंगळवार केला. तेव्हापासून हा आठवड्यातून दोनदा दुकानात जाऊ लागला. 2024 मध्ये डीसी मुकाट्याने बुधवारवर परतली, त्या दिवशी वहिनींनी शिरा केला होता म्हणे.

पन्नाशीला टेकलेला, बँकेचे डेटाबेस सांभाळणारा सज्जन माणूस. पिंड डोंबिवलीच्या रद्दीवाल्याकडे पोसलेला. तिथे इंद्रजालचा वेताळ भाड्याने मिळायचा आणि एका अंकात पुरा मावायचा. इथे एकट्या बॅटमॅनला महिन्याला चार-पाच मालिका पुरत नाहीत. दुकानात बुधवारकरच्या नावाचा एक खण आहे. त्याने लिहून दिलेल्या यादीतला प्रत्येक नवा अंक दुकानदार त्यात काढून ठेवतो. हिला पुल-लिस्ट म्हणतात. सध्या तिच्यात एकोणीस मालिका आहेत, आणि "आता यातल्या निम्म्या बंद" असं बुधवारकर दर तिमाहीला जाहीर करतो.

या घोषणेला बहुधा तळघर कारणीभूत असतं. तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबलचक खोकी एकावर एक चढलेली आहेत. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला ताठ पुठ्ठा, वर चिकटपट्टी. गेल्या थंडीत पाण्याचा हीटर बिघडला तेव्हा प्लंबरला हीटरपर्यंत पोहोचण्यासाठी आधी 1990 चं दशक बाजूला सारावं लागलं. त्या दशकात होतं काय? एक्स-मेनचा 1991 चा पहिला अंक, ज्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या. लोकांनी तो पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसाठी आणि पोरांच्या कॉलेजच्या फीसाठी घेऊन ठेवला होता. आज तो जुन्या अंकांच्या पेटाऱ्यात चिल्लर भावात पडलेला असतो. बुधवारकरकडे चार आहेत. शेजारी सुपरमॅनच्या मृत्यूचा, 1992 च्या नोव्हेंबरात आलेला, काळ्या पिशवीतला अंक. पिशवी फोडलेली नाही. सुपरमॅन पुढच्याच वर्षी परत आला, पण पिशवीतल्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

प्लंबर गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे बघ, एक तर ही खोकी तरी कमी कर, नाहीतर मला भाड्याने गोदाम घेऊन दे. मी तिथे राहायला जाते."

मग बुधवारकर दुकानात यादी घेऊन बसतो. मी एकदा सोबत गेलो होतो. काउंटरपाशी असेच आणखी दोघे होते, एक दाढीवाले निवृत्त शिक्षक आणि एक कॉलेजातला पोरगा. तिघांच्या हातात पेन्सिली. पेनाने कुणी खोडत नाही, हे मी तेव्हाच हेरलं.

सुरुवात नेहमी हिशोबाने होते. "वीस पानांना चार डॉलर. पानाला वीस सेंट! 1938 साली सुपरमॅनचा पहिला अख्खा अंक दहा सेंटला होता. आजच्या एका पानात तेव्हाचे दोन अंक!" महागाई वगैरे क्षुद्र गोष्टी या हिशोबात धरत नाहीत. मग डीसीने 2010 साली दिलेलं दोन डॉलर नव्याण्णव सेंटांचं वचन निघतं. दर तिथेच रोखतो म्हणाले आणि बावीसची वीस पानं केली. पानं वीसच राहिली, दर मात्र निघून गेला. आता तर पाच डॉलरचे अंकही रुळले. इथवर तिघांचं एकमत असतं. अडचण पहिल्या नावावर येते.

पहिलं नाव स्पायडरमॅनचं. हा बुधवारकरचा सगळ्यात जुना राग. 1987 साली मुखवट्यामागच्या पीटर पार्करचं मेरी जेनशी लग्न झालं. 2007 मध्ये मे काकूचा जीव वाचवायला पीटरने मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा केला आणि ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. "वीस वर्षांचा संसार! म्हातारीसाठी!" बुधवारकर अजून थरथरतो. (वहिनींनी एकदा शांतपणे विचारलं होतं, "तुझ्या आईचं असतं तर?" त्यावर तो तळघरात गेला.) त्या रागात त्याने मालिका सोडायची शपथ घेतली. पुढच्याच वर्षी ती महिन्यातून तीनदा येऊ लागली आणि याने तिन्ही वेळा घेतली. चिडायचं तर वाचायला नको का?

"मग आज खोड," मी म्हणालो.

"आत्ता? अरे, गोष्ट मध्यावर आहे."

"मध्य संपल्यावर?"

"लेखक बदलतोय. नव्याला एक संधी द्यायला नको?"

शिवाय नवा लेखक आला की अंकांची मोजणी बरेचदा पुन्हा एकपासून. 1963 पासून चाललेल्या या मालिकेचे पहिले अंक 1999, 2014, 2015, 2018, 2022 आणि 2025 असे पुन्हा पुन्हा निघाले. मार्व्हल कंपनीचं म्हणणं, नव्या वाचकाला चढायला सोपं. शिक्षक म्हणतात, जुन्याला उतरायलाही हाच थांबा. 2011 मध्ये डीसीने सगळा पसारा आवरून एकदम बावन्न मालिका पहिल्या अंकापासून काढल्या, तेव्हा बुधवारकर चार बंद करायला गेला होता आणि अकरा लावून आला. पहिला अंक सोडायचा नसतो, आणि पहिला घेतला की दुसऱ्याने काय घोडं मारलंय?

दुकानदार मधूनच कानोसा घेत होता. त्याचं दुखणं वेगळं. वर्तमानपत्राच्या स्टॉलवर उरलेले अंक परत जातात, इथे न विकलेले अंक परत घेतले जात नाहीत. वर मागणी दोन-तीन महिने आधीच नोंदवावी लागते. "आज सोडलंस तरी पुढचे दोन अंक मी मागवलेत," तो म्हणाला. बुधवारकर माणुसकीला जागतो. ते दोन घेतो. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर मेलेलं कोणीतरी दारात उभं असतं, आणि कुऱ्हाड म्यान होते.

पण कुऱ्हाड एकदा तरी पडावीच लागते, घरी तोंड दाखवायचं असतं. तासाभराने त्याने जी मालिका खोडली, ती ऐकून मी उडालो. आदल्याच महिन्यात गाडीत बसून त्याने मला तिची दोन पानं वाचून दाखवली होती आणि हसता हसता चष्मा काढून पुसला होता. दुय्यम हीरो, ताजा लेखक, सगळ्या हीरोंच्या कुठल्या महायुद्धाशी संबंध नाही, इतर मालिकांत पसरलेल्या शेपट्या नाहीत.

"ही? ही तर तुला आवडते!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "हिचा त्रास नाही. नंतर सगळ्या अंकांचं पुस्तक निघेल तेव्हा एकदम घेईन."

पुस्तकाची वाट बघणारे असे भरपूर झाले की दुकानांची मागणी घसरते. कंपनी आकडा बघते आणि मालिका गुंडाळते. किरन गिलनने लिहिलेली मार्व्हलची 'स्वोर्ड' 2009 मध्ये सुरू झाली आणि पाच अंकांत आटोपली. बुधवारकर तिच्याबद्दल अजून हळहळतो. घेत होतास का विचारलं तर विषय बदलतो. उलट 'स्पायडर-गर्ल' बंद होणार म्हणून अनेकदा जाहीर झालं, वाचकांनी दर वेळी ओरड केली आणि 2006 मध्ये ती शंभराव्या अंकाला पोहोचली. म्हणजे या बुधवारकरांचं वजन पडतं. स्पायडरमॅनला यांच्या सोडण्याने डास चावत नाही, आणि ज्या गरिबाचा जीव यांच्या चार डॉलरवर तरलेला, पेन्सिल नेमकी त्याच्यावर फिरते. मुंबईचा पवित्र प्रभाकर, हा धोतर नेसणारा भारतीय स्पायडरमॅन 2004 मध्ये निघाला, तो मूळ चारच अंकांचा. बुधवारकरला सोडायला वेळ मिळाला नाही अशी स्पायडरमॅनची ती एकमेव मालिका.

त्या संध्याकाळी एकोणिसाची यादी अठरावर आली. निघताना त्याने काउंटरवरचा एक नवा पहिला अंक उचलला. वहिनींना त्याने "एक बंद केली" असं सांगितलं, जे खरंच आहे.

तुमच्या ओळखीत असा कुणी बुधवारकर असेल तर त्याला कोणती मालिका चांगली आहे ते विचारू नका, तो बॅटमॅन सांगेल. या महिन्यात कोणती बंद केलीस ते विचारा आणि डोळे मिटून ती विकत घ्या. फक्त जरा घाई करा.