सहा कोर, बारा थ्रेड आणि वीज गायब

प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यावा की इंटेलचा कोअर आय५ १२४००, यावर जव्हारच्या नाक्यावर नगरपालिकेच्या निवडणुकीपेक्षा जास्त खल होतो. दोन्ही २०२२ चे, दोघांनाही सहा कोर, बारा थ्रेड. गेममधला फरक आलेखात दिसतो, डोळ्याला क्वचितच. इंटेलमध्ये ग्राफिक्स अंगचंच. रायझनला वेगळं कार्ड लागतं. म्हणजे सातबारा, दाखले आणि एक्सेलपुरतं काम असेल तर इंटेलच परवडतो, हे मान्य करावं लागेल. पण जुलैच्या पावसात मोखाड्याच्या वाटेवर तारेवर झाड पडलं, की दोघांचा वेग अगदी बरोबरीचा: शून्य. ही चाचणी कुठलाच परीक्षक घेत नाही. तेव्हा मंडळी, आधी यूपीएस घ्या. प्रोसेसरवर भांडायला अंधारात भरपूर वेळ मिळेल.