८१२ मीटर, सवलत मिळणार नाही

मॉरिशसच्या पहिल्या तीन शिखरांच्या उंचीत मिळून सोळा मीटरचा फरक आहे. ल पेतित रिव्हिएर न्वारचं शिखर ८२८ मीटर, पीटर बोथ ८२० आणि ल पूस ८१२. सह्याद्रीत पाय घासलेल्या माणसाला हे आकडे वाचून हसू येतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे ल पूसवर ल पूस ठेवला तरी वर बावीस मीटर उरतातच. कंपनीच्या कामासाठी काही आठवडे पोर्ट लुईला आलेला, सुट्टी मिळाली की सिंहगड गाठणारा एक पुणेकर संगणक अभियंता असाच हसला आणि ऑफिसातल्या मंडळींनी रविवारी ल पूसला चलण्याविषयी विचारताच ‘त्यात काय!’ म्हणून मोकळा झाला.

या हिशेबात एक मेख होती. पुणं मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलेलं आहे. सिंहगडाची उंची तेराशे मीटर सांगताना त्यातली निम्मी पठाराने फुकट दिलेली असते, हे कोणी बोलून दाखवत नाही. पोर्ट लुई हे बंदर आहे. तिथली समुद्रसपाटी ऑफिसच्या खिडकीतून दिसते, तिच्यात बोटी उभ्या असतात. तिथून निघालेल्या माणसाला ल पूसचे मीटर जवळजवळ सगळेच्या सगळे रोखीने मोजावे लागतात. मोका गावाकडून दुसरी वाट आहे. ते गाव बऱ्याच उंचीवर असल्याने शहाणी माणसं तिकडून चढतात. या टोळीचा रिवाज उलटा होता: शहराच्या बाजूने चढायचं, मोकाकडे उतरायचं आणि बसने परत यायचं.

टोळी म्हणजे हिशेब खात्यातल्या बाई, आयटीमधली दोन तरुण पोरं आणि साठी ओलांडलेले, ऑफिसची गाडी चालवणारे एक काका. काकांच्या पायात कापडी बूट आणि हातात डबा. पुणेकराकडे दुमडत्या काठ्या, गुडघ्याला पट्टे आणि नळीने पाणी प्यायची पिशवी. पोरांनी ती नळी कौतुकाने पाहिली आणि स्वतः बाटलीतलं पाणी प्यायली.

जून म्हणजे तिकडचा हिवाळा. पण पोर्ट लुई डोंगरांच्या आडोशाला पडतं, आग्नेयेचे व्यापारी वारे तिथवर धड पोचत नाहीत. खालच्या रानात हवा जागची हलत नव्हती. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. हे भौतिकशास्त्र पुणेकराला ठाऊक होतं. त्याचा उपयोग शून्य होता. वाट तर मुळांच्या जाळ्यातून सरळ वर निघालेली. हे डोंगर म्हणजे फार जुन्या ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे. मधलं खचलं, झिजलं. कडेचे सुळके तेवढे राहिले. असल्या भूगोलात वळसे घेत जाणारी निवांत वाट मिळायची कुठून!

दर चढाला काका मागे वळून ‘आंकोर एं ती बूत’ म्हणत, म्हणजे अजून थोडंसंच. पहिल्या दोन वेळा पुणेकराने विश्वास ठेवला. नंतर त्याच्या लक्षात आलं, की हे वाक्य अंतराबद्दल नसून काकांच्या स्वभावाबद्दल आहे.

बाईंचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेले. घरात बोलणं क्रिओलमध्ये, पण मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात, आणि बाई ती नीट शिकल्या होत्या. पुणेकर एका खडकाला पाठ लावून श्वास गोळा करत असताना त्या वाकून, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत म्हणाल्या, “आपण थकलात का? आपण थोडा वेळ विश्रांती घ्यावी काय?” इतकं शुद्ध मराठी त्याने पुण्यात हल्ली ऐकलं नव्हतं. उत्तरादाखल त्याच्या तोंडून “हं” एवढंच निघालं. शुद्धलेखनाला वाव देणारं ते अक्षर नव्हे.

त्याला धीर यावा म्हणून एका पोराने चार्ल्स डार्विनला मध्ये आणलं. ‘बीगल’ जहाज १८३६ च्या एप्रिलअखेर इथे थांबलं होतं आणि २ मे रोजी डार्विन हाच ल पूस चढला. सत्तावीस वर्षांचा तरुण, चार वर्षांहून जास्त काळ जग पालथं घालून आलेला; त्याच्याशी आपली तुलना पुणेकराला फारशी दिलासादायक वाटली नाही. दिलासा पुढच्या भागात होता. तीनच दिवसांनी, बेटाचे सर्वेक्षण अधिकारी कॅप्टन लॉइड यांनी डार्विनला दुसऱ्या एका सफरीत अर्ध्या वाटेपर्यंत हत्ती दिला. तेव्हा अख्ख्या बेटावर तो एकच हत्ती होता. त्याचं पाऊल वाजत नाही, याचं डार्विनला सगळ्यात आश्चर्य वाटलं. “आता आहे का एखादा?” पुणेकराने विचारलं. प्रश्न गंभीर होता. सगळे हसले.

खिंडीत पाऊल टाकलं आणि वारा अंगावर आला. एवढा वेळ डोंगराने अडवून धरलेले व्यापारी वारे तिथे एकदम भेटतात. दोन मिनिटांत शर्ट थंडगार आणि दात वाजायला सुरुवात. इथून पुढे सपाटीवर चिनी पेरूची झुडपं माजलेली. बाहेरून आलेलं हे झाड स्थानिक रान गिळत चाललंय, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या नावाने बोटं मोडतात. बाकीचं बेट ते लाल, बोराएवढे पेरू तिखटमीठ लावून खातं. बाईंच्या पिशवीतून तिखटमिठाची पुडी निघाली, तेव्हा कोकण फार लांब राहिलेलं नाही याची पुणेकराला खात्री पटली.

शेवटचा अंगठ्यासारखा सुळका मात्र हात टेकून चढायचा होता. दुमडत्या काठ्या तिथे अडचण झाल्या. काकांनी त्या काखेत मारल्या आणि डब्यासकट वर गेले. माथ्यावरून एका बाजूला बंदर, शॉं द मार्सचं १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, दुसरीकडे उसाची हिरवी शेतं. समोर पीटर बोथ, टोकावर मोठा धोंडा तोलून धरलेला. काकांनी त्याची गोष्ट सांगितली: एका गवळ्याने डोंगरावर पऱ्यांचा नाच पाहिला, कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद असताना त्याने गावभर सांगितलं आणि त्याचा दगड झाला. पुणेकराला त्या क्षणी तसली भीती नव्हती. त्याला अजून बोलताच येत नव्हतं.

डब्यात गातो पिमां होते, म्हणजे चक्क हिरव्या मिरचीचे डाळवडे, पावात लोणी लावून त्यात दाबलेले. त्यांनी त्याची वाचा परत आणली. पाव संपेपर्यंत तो सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीचं आणि मडक्यातल्या दह्याचं वर्णन करत होता, आणि बाई ते क्रिओलमध्ये इतरांना सांगत होत्या. मूळ वर्णनापेक्षा त्यांचा अनुवाद बराच लांबला. त्यांनी पदरचंही काही घातलं असावं.

उतार सोपा, ही अफवा गुडघे असलेल्या माणसाने पसरवलेली नाही. लाल मातीवर एकदा बसून, एकदा न ठरवता बसून तो मोकाच्या उसाच्या शेतांपर्यंत पोचला.

मॉरिशसमध्ये २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना बसप्रवास फुकट आहे. काकांनी कार्ड दाखवलं, पुणेकराने तिकीट काढलं. बस भरलेली होती. कंडक्टरने दोघांकडे नीट पाहिलं, पुढच्या सीटवरच्या मुलाला उठवलं आणि तिथे पुणेकराला बसवलं. काका दांडा धरून उभे राहिले, काखेत काठ्या, पुढच्या रविवारी पीटर बोथला दोर कोण आणणार हे पोरांशी ठरवत.